चुलीचे तीन दगड

आमचे अब्बा पलूस भागात गावोगाव कापूस पिंजत हिंडायचे. काम मिळेल तिथं मुक्काम, तीन दगडांची चूल, आणि काम संपलं की दगड तिथंच सोडून पुढं.

सांगलीच्या कॉलेजात आम्हाला जुनी अरबी कविता शिकवणारे सर अशा दगडांवर फार हळवे होते. त्या कवितेत कवी प्रेयसीच्या उठून गेलेल्या तळावर येतो आणि चुलीचे काळे दगड बघून रडतो. तिथं आलं की सर चष्मा काढायचे, पंखा वाढवायला सांगायचे आणि कापऱ्या आवाजात म्हणायचे, "अहाहा, काय ते दगड." वाळवंट राहू द्या, त्यांनी म्हसवडचा माळही पाहिला नव्हता.

एकदा अब्बांना सांगलीत काम मिळालं आणि अम्मीनं सरांच्याच घराच्या कंपाउंडला लागून चूल मांडली.

"ओ बाई, भिंत काळी होतीय. उचला हे."

"भात तेवढा शिजू द्या की, सर."

सरांनी बुटानं दगड ढकलला. भात मातीत गेला. मी पाणी घेऊन येत होते.

दुसऱ्या दिवशी तासाला पुन्हा चष्मा निघाला. मी उभी राहिले. "सर, त्या तळाला भिंत नव्हती, म्हणून दगड राहिले व्हय?"

"बस खाली. तोंडी परीक्षा माझ्याकडेच आहे तुझी."

तोंडीत त्यांनी मला काठावर पास केलं. तरी मी अरबीत एम.ए. झाले. आता त्या वर्गात ती कविता मी शिकवते.