वाचल्याशिवाय अंगठा नाही

"लुगडं नाही आणलंस का?"

पालघरच्या एका सभागृहाच्या दारात, सकाळी साडेनऊला, विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विभागातल्या समन्वयक मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी इस्त्री केलेला पंजाबी ड्रेस घातला होता. हातात फाईल होती. फाईलमध्ये बी.ए.ची गुणपत्रिका, विषय राज्यशास्त्र. मॅडमनी फाईल पाहिली नाही. ड्रेस पाहिला.

"फोटोत कळायला हवं ना," त्या म्हणाल्या. "अशी आलीस तर तू आमच्याच मुलींसारखी दिसतेस."

मग त्यांनी माझ्या छातीवर एक गोल स्टिकर चिकटवला. त्यावर लिहिलं होतं : समुदाय. शहरातून बसने आलेल्या त्यांच्या विद्यार्थ्यांच्या स्टिकरवर प्रत्येकाचं नाव होतं. माझ्या आणि माझ्याबरोबर पाड्यावरून आलेल्या सत्तावीस जणांच्या स्टिकरवर एकच शब्द. माझ्यामागे लाडकी काकी उभी होती. साठीची बाई. तिला मॅडम म्हणाल्या, "ए आजी, तू मागे बस हां, पंख्याखाली." काकीने स्टिकर उलटसुलट पाहिला आणि मला विचारलं, "ह्या काय चिकटवला? आमी काय आंब्याच्या पेट्या हाव?"

मी हसले नाही. मला तेव्हा हसणं परवडत नव्हतं.

कारण सांगते. मी वारली. आमचा पाडा पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. मी तारापूरच्या एका कारखान्यात पॅकिंगला आहे, कुंभवलीत मैत्रिणींबरोबर खोली करून राहते, सुट्टीला पाड्यावर जाते. एम.ए.साठी शहरात जाणं जमलं नाही. आणि त्या वर्षी या विभागाने जाहीर केलं की ते एक नवा पदविका अभ्यासक्रम सुरू करणार. विषय : स्थानिक स्वशासन. वर्ग फक्त रविवारी आणि पालघरलाच. स्थानिकांसाठी दोन जागा, विभागाच्या शिफारशीवर. मी ती जाहिरात इतक्यांदा वाचली की तिच्यातल्या चुकाही पाठ झाल्या.

मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्ही पालघरला मोठा कार्यक्रम घेतोय. तू पाड्यातून पंचवीस-तीस लोक घेऊन ये. तुझ्या जागेचं मी बघते."

ऐन भातकापणीत मी सत्तावीस माणसं शेतातून उठवली. मी त्यांना सांगितलं, विद्यापीठाला आपलं ऐकायचंय. सुपरवायझरकडे सुट्टी मागितली तेव्हा तो म्हणाला, "क्या बात है, प्रोफेसर बनेगी?" पॅकिंगच्या सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. मनात म्हटलं, हो, बनेन.

सभागृहात बॅनर होता : 'विद्यापीठ थेट जनतेत'. जनता शेवटच्या चार रांगांत होती. पुढच्या रांगा निमंत्रितांसाठी राखीव होत्या आणि निमंत्रित आले नाहीत म्हणून रिकाम्या होत्या. आम्हाला पुढे येऊ दिलं नाही. रिकाम्या खुर्च्यांचाही मान असतो, हे मला तिथे कळलं. दीप पेटवला. शाली घातल्या. ज्यांनी शाली घातल्या त्यांनाही मग शाली घातल्या. लोकसहभाग या विषयावर तिघे बोलले, पाऊण-पाऊण तास. प्रश्नोत्तरांसाठी वेळ उरला नाही, याबद्दल सूत्रसंचालकाने खेद व्यक्त केला.

मग विद्यार्थ्यांनी एक प्रात्यक्षिक सादर केलं. अभिरूप ग्रामसभा.

मुलींनी लुगडी नेसली होती, भाड्याने आणलेली. गुडघ्याच्या वर खोचली होती, सिनेमातल्यासारखी. एका मुलाने डोक्याला टॉवेल गुंडाळला होता आणि तो पूर्ण वेळ झिंगत होता, कारण पाड्यातला माणूस म्हणजे झिंगणारा. तो बोलायचा, "आमी नाय देनार! आमाला काय बी नाय समजत!" आणि सभागृह हसायचं. सरपंच झालेला मुलगा खुर्चीत बसला, ठराव वाचल्यासारखं केलं, सगळ्यांनी हात वर केले. चार मिनिटांत ग्रामसभा संपली. टाळ्या.

पाड्यावरची सभा मी पाच वर्षं लिहितेय. वही माझ्याकडे असते. आमच्यात सरपंच आला तरी खाली बसतो. जमलेल्यांतून त्या दिवसापुरता एकजण अध्यक्ष निवडतात, बहुतेक वेळा बाईच. आणि उठण्याआधी मी लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवते. ओळ न् ओळ. कोणी म्हणालं, "असा नाय बोललो मी," तर खोडायचं, पुन्हा लिहायचं, पुन्हा वाचायचं. मगच सही, मगच अंगठा. हे कोणत्या पुस्तकातून आलेलं नाही. माझ्या लहानपणी एक साहेब कोऱ्या कागदावर हजेरी म्हणून अंगठे घेऊन गेला होता. त्या कागदावर पुढे लिहिलं गेलं की पाड्याने टेकडी खदाणीला द्यायला हरकत घेतलेली नाही. टेकडी गेली. त्या दिवसापासून वाचल्याशिवाय अंगठा नाही.

म्हणून टाळ्या थांबताच लाडकी काकी मागून मोठ्याने म्हणाली, "अध्यक्ष कदी निवडला? आनि वही कोनी वाचली?"

व्यासपीठाजवळचे सगळे वळले. मॅडमही वळल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकीकडे नाही, माझ्याकडे.

आणि मी काकीला म्हणाले, "गप बस ना, काकी."

गप बस. काकी गप बसली. पाच वर्षांत तिला सभेत कोणी असं म्हणालं नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. आपलं माणूस भलत्याच घरातून बाहेर येताना दिसावं, तसं.

मग माझ्या हातात कागद लावलेलं पॅड आलं. मॅडम म्हणाल्या, "पटापट सह्या घे गं. अंगठ्यासाठी शाईचं पॅड आहे. हजेरी आहे नुसती."

नाव, गाव, सही किंवा अंगठा. वर काहीच लिहिलेलं नव्हतं. मी पहिला कागद काकीपुढे धरला. तिने अंगठा मागे घेतला. फक्त एक शब्द बोलली.

"वाच."

"हजेरी हाय, काकी."

"मंग हजेरी वाच."

वाचायला काही आहे का, म्हणून मी कागद उलटला. खाली दुसरा कागद होता, छापलेला. सोबत सह्या केलेले ग्रामस्थ आपला पाडा पुढील पाच वर्षांसाठी विभागाचे अभ्यासक्षेत्र म्हणून देण्यास, तेथे पाहणी, मुलाखती व चित्रीकरण करू देण्यास एकमताने संमती देत आहेत. एकमताने. कोणाला विचारण्याआधीच.

मी पॅड घेऊन मॅडमकडे गेले. त्या हळू आवाजात बोलल्या, समजुतीने बोलल्या. तेच जास्त लागलं.

"अगं, फॉर्मॅलिटी आहे. क्षेत्र दाखवल्याशिवाय अभ्यासक्रमाला मान्यता मिळत नाही. अभ्यासक्रम नाही तर तुझी जागा नाही. तू शिकलेली आहेस. तुला कळतं. त्यांना काय वाचून दाखवणार?"

त्यांना. स्टिकर माझ्याही छातीवर होता.

मी मागे आले. फाईल खुर्चीवर ठेवली. छापलेला कागद वाचला. मोठ्याने. आधी जसा होता तसा, मग आमच्या बोलीत. व्यासपीठावर आभारप्रदर्शन चालू होतं, माईकवर. मी माईकशिवाय वाचत होते. माझा आवाज दोनदा फाटला. पाड्याने खुर्च्या वळवल्या. प्लास्टिकच्या खुर्च्या फरशीवर ओढल्या की केवढा आवाज होतो. सत्तावीस पाठी व्यासपीठाकडे झाल्या.

कोणीतरी म्हणालं, "अध्यक्ष कोन?" सगळे म्हणाले, काकी.

काकीने विचारलं, "चित्रीकरन म्हंजे?"

"आपला व्हिडिओ काढनार."

"आंगोल करताना बी?"

"तसा लिहिलेला नाय."

"नको बी लिहिलेला नाय ना?"

नव्हतं. पदव्युत्तर विभागाने तयार केलेल्या मसुद्यातली ती त्रुटी, शाळेत न गेलेल्या बाईने दोन प्रश्नांत काढली. पंधरा मिनिटं सभा चालली. कोऱ्या कागदावर मी लिहिलं : कागद वाचला. आज संमती नाही. ज्यांना आमचा अभ्यास करायचा आहे त्यांनी पाड्यावरच्या सभेला यावं, खाली बसावं आणि विचारावं. ते मी वाचून दाखवलं. मग अंगठे झाले. शाईचं पॅड त्यांचंच वापरलं.

मॅडम कागद घेताना म्हणाल्या, "हे सगळं आम्ही तुझ्यासारख्यांसाठीच करतो ना?"

मी म्हणाले, "माझ्यासारख्यांना विचारून करा."

एवढंच बोलता आलं. घरी आल्यावर याहून चांगली दहा उत्तरं सुचली.

आणि तेवढ्यात विभागप्रमुख सरांनी माईक घेतला. "बघा, बघा! ही जिवंत लोकशाही!" टाळ्या. फोटोग्राफर धावत आला. आम्ही त्यांना नाही म्हणालो होतो आणि त्यांनी आमचा नकारही कार्यक्रमपत्रिकेत बसवून टाकला.

शिफारस आली नाही. क्षेत्र म्हणून दुसरं गाव मिळालं. तिथे कोणी वाचलं की नाही, माहीत नाही. अभ्यासक्रम सुरू झाला. स्थानिकांच्या दोन्ही जागा रिकाम्या राहिल्या; योग्य उमेदवार मिळाले नाहीत, असं संकेतस्थळावर लिहिलंय. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर काकीचा फोटो आहे, हात वर केलेला. ती तेव्हा 'नाय' म्हणत होती. फोटोखाली छापलंय : तळागाळातील सहभाग.

मी ते पत्रक पाड्यावर नेलं. पूर्ण वाचून दाखवलं. काकीने विचारलं, "माजा हात हाय, माजं नाव कुटं हाय?" नव्हतं. त्या सभेत ठराव झाला की न विचारता छापलेला फोटो काढून टाका. पत्र मी लिहिलं, वाचलं, पाठवलं. उत्तर आलेलं नाही. दुसरं पाठवलं. तिसरं या महिन्यात जाईल.

यंदा मी पुन्हा अर्ज केलाय. शिफारशीशिवाय, खुल्या यादीतून. सभागृहातला तो ठराव मी सभेच्या वहीत उतरवला होता; शिफारशीच्या रकान्यात त्या पानाची प्रत जोडली आहे. घेतलं तर पहिल्या बाकावर बसेन आणि जे शिकवतील ते तपासून घेईन. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करेन. त्यांना माझी गुणपत्रिका वाचायला लावीन.

त्यांनी केलेला अपमान मी विसरणार नाही, पण तो मला झोपेतून उठवत नाही. उठवतं ते दुसरंच. एका जागेसाठी मी काकीला गप बस म्हणाले. ते मॅडमनी नाही, सरांनी नाही, मी म्हणाले. वहीत पुढच्या सभेच्या पहिल्या ओळीत मी ते लिहिलं, माझ्या नावासकट, आणि सगळ्यांसमोर वाचलं. काकी म्हणाली, "खोड आता." सभेत कोणी खोड म्हणालं तर खोडायचं असतं.

ती एक ओळ मी खोडलेली नाही. खोडणार नाही.