परसोंचा मदरबोर्ड

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळे म्हणजे आता आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. अप्पा म्हणजे माझे वडील. हुमनाबादेत, हैदराबादच्या हायवेच्या कडेला त्यांनी तीस वर्षं लॉऱ्यांचं वायरिंग केलं. मी इथल्याच शाळेत गणित शिकवते. तिसरी अक्का, माझी थोरली बहीण. ती मस्कतला नर्स आहे.

कॉम्प्युटर स्वतः जोडायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते अक्कामुळंच. आधी ती फोनवर तासभर बोलायची. कोण पेशंट काय म्हणाला, मेसमधली भाजी कशी बेचव, सगळं सांगायची. मग हळूहळू ते आटलं. "जेवलीस का? अप्पा बरे हायत का? ठेवू?" एवढ्यावर आलं. फोन ठेवल्यावर अप्पा म्हणायचे, "पोरगी बोलायली, पण आवाज न्हाई तिच्यात." मला धीर देता येत नाही. मी समजूत काढायला गेले की समोरचा जास्तच रडतो. मग एके दिवशी तीच सहज बोलून गेली की तिनं एका मैत्रिणीचा जुना गेमिंग लॅपटॉप घेतलाय आणि सुट्टीदिवशी एकटीच गाड्यांची शर्यत खेळत बसते.

"एकटी कामून?" मी म्हणाले. "मी हाय की!"

लहानपणी आम्ही टायपिंगच्या क्लासला जायचो. बाई जेवायला गेल्या की तिथल्या कॉम्प्युटरवर आमची शर्यत सुरू. एकच कीबोर्ड, बाणाची बटनं अक्काकडे, ब्रेक माझ्याकडे. ब्रेक मी कधी दाबलाच नाही. गाडी कठड्यावर आपटायची आणि अक्का माझ्या पाठीत धपाटा घालायची.

अक्का म्हणाली, पुढच्या महिन्यात तिला एक शुक्रवार पूर्ण मोकळा आहे, त्यानंतर ड्युटी बदलणार आणि मग सुट्टी कधी मिळेल ते सांगता येत नाही. मी म्हटलं, ठरलं, त्या शुक्रवारी खेळायचं. बोलून बसले खरी, पण माझ्याकडे होता तो शाळेतला लॅपटॉप. त्याच्यावर मार्कांचा तक्ता उघडायलाच चहा उकळून होतो.

"मग तयार घे की एखादा," अप्पा म्हणाले. "जोडत कुठं बसायलीस?"

"लॉरी कुणी तयार घेतंय का? नुसती चेसिस आणून बॉडी हितंच बांधत्यात न्हवं?"

अप्पांनी हात जोडले. लॉरीचं उदाहरण दिलं की ते लगेच हार मानतात.

बाकीचे भाग पटापट ठरले. नवा प्रोसेसर तर मी आधीच मागवून ठेवला होता. घोडं अडलं ते मदरबोर्डापाशी. मदरबोर्ड म्हणजे जिच्यावर बाकी सगळे भाग येऊन बसतात ती पाटी. तो चुकला की सगळंच चुकलं. तीन आठवडे मी व्हिडिओ बघत होते. दुधाचं भांडं दोनदा करपलं, वह्यांचा ढीग तसाच पडला. शेवटी दोन बोर्डांवर गाडी आली आणि एका रविवारी अप्पांना घेऊन मी हैदराबादची बस धरली.

दुकानदार पिकल्या दाढीचा, शांत माणूस होता. त्यानं दोन्ही बोर्ड काढून ठेवले. एक काळाभोर, कडेनं रंगीत दिवे लागणारा. माझं मन त्याच्यावरच बसलं होतं. दुसरा साधा, जेवणाच्या ताटलीसारखा निर्विकार. अप्पांनी चष्मा वर करून दोन्ही उलटेपालटे करून बघितले. साध्याच्या मागच्या बाजूला त्यांना एक बारकं बटन दिसलं, काळ्याला ते नव्हतं.

"ये काय कू है?" त्यांनी विचारलं. अप्पांची दखनी अस्सल, लॉरीवाल्यांत मुरलेली.

"बोर्ड की अक्कल पुरानी पड़ गई तो पेनड्राइव से नई डालने कू. कंप्यूटर चालू नै हुआ तो भी ये बटन काम करता."

अप्पा माझ्याकडे वळले. "ह्योच घे. दिवे काय, मागनं लावता येत्यात. हातानं चालू करायची सोय आधी बघावी."

"अप्पा, ही लॉरी न्हाई!"

"तूच म्हणलीस की लॉरी हाय."

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! मी तोंड वाकडं करून साधा बोर्ड घेतला. तरी निघताना नीट विचारलं, माझा प्रोसेसर नवा आहे, याच्यावर चालेल ना? कारण नव्या प्रोसेसरला ओळखायची अक्कल बोर्डात आधी भरावी लागते, एवढं मला व्हिडिओंनी शिकवलं होतं. दुकानदार म्हणाला, "हौ बेटी, बेफिकर रहो. नई अक्कल मैं परसोंच डाला."

परसों म्हणजे परवाच! ताजं ताजं काम. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन मी अप्पांना सुनावलं सुद्धा, "बघा, परवाच भरलंय सगळं. तुमच्या बटनाची गरजच न्हाई." अप्पा डुलक्या खात होते. त्यांनी नुसती मान हलवली.

सोमवार ते बुधवार आम्ही संध्याकाळी जोडकाम केलं. स्क्रू मी बसवले, वायरी अप्पांनी बांधल्या. अशा देखण्या बांधल्या की पेटीचं झाकण लावायला जीव होईना. गुरुवारी शाळेतून आले ते चप्पल न काढताच बटन दाबलं. पंखे फिरले. पडदा मात्र काळाच. बोर्डावर प्रोसेसरच्या शेजारी एक लाल ठिपका लागून राहिला. मी सगळं काढून परत बसवलं, तीनदा. ठिपका ढिम्म.

दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "नई अक्कल है उसमें बेटी. गए साल माल आया, तबीच डाला मैं."

"गए साल? आप तो परसों बोले थे!"

"हौ, परसोंच तो बोला."

"परसों मतलब परसों! दो दिन पहले!"

तो गोंधळला बिचारा. त्याला माझं भांडण कशाबद्दल आहे तेच कळेना. इकडे अप्पा खाटेवर बसून हसायला लागले ते खोकला येईपर्यंत. माझा प्रोसेसर निघाला यंदा, गेल्या सालची अक्कल त्याला ओळखणार कशी? मी फोन आपटला.

"अगं, हैद्राबादी परसों ते," अप्पा म्हणाले. "काल सोडून मागं जेवढे दिवस गेले ते समदे परसोंच. माझ्या वळखीचा एक डायवर लगीन परसों झालं म्हणायचा, अन् त्याची पोरगी कॉलेजात."

"मग तुम्ही तिथंच हुता न्हवं! कामून बोलला न्हाईत?"

"मला काय ठाव तुला कळलं न्हाई? हितलीच पोरगी तू. सहा वर्षं पुण्याला शिकलीस अन् परसों इसरून आलीस."

मला रडूच कोसळलं. अक्काचा शुक्रवार उद्यावर आला होता, आणि एका शब्दापायी तिला आता काय सांगू? परत तीच म्हणणार, असू दे गं, ठेवू? अप्पा खाटेवरून उठून पेटीच्या मागं वाकले. मग म्हणाले, "बटन हाय न्हवं?"

काखेत कळसा अन् गावाला वळसा! मी डोळे पुसले. शाळेच्या लॅपटॉपवर नव्या अकलेची फाइल उतरवली, बोर्डाबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलंय तसंच तिला नाव दिलं, पेनड्राइव्हवर घेतली. पण त्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं की काम चालू असताना लाइट गेली तर बोर्ड कायमचा जाईल. आणि आमच्या गल्लीत संध्याकाळची लाइट म्हणजे जावयाचा रुसवा. कधी जाईल, नेम नाही.

"थांब," अप्पा म्हणाले. परसातून त्यांनी आपली लॉरीची बॅटरी ओढत आणली, तिला जुना इन्व्हर्टर जोडला आणि माझ्या पेटीची अन् पडद्याची वायर त्याच्यात खुपसली. "आता दाब."

मी बटन दाबून धरलं. मागचा दिवा लुकलुकायला लागला. आम्ही दोघं जमिनीवर बसून त्याच्याकडे बघत राहिलो. तीनेक मिनिटं झाली असतील, छताचा पंखा मंदावला आणि थांबला. गल्लीतली पिठाची गिरणीही बंद पडली. लाइट गेली होती. मी अप्पांचा हात घट्ट धरला. दिवा लुकलुकतच होता.

"त्याला कळलंबी न्हाई," अप्पा हळूच म्हणाले.

दिवा विझला तेव्हा मी पेटी चालू केली. पडद्यावर पांढरी अक्षरं उमटली, आणि त्यांत माझ्या प्रोसेसरचं नाव! मी उड्या मारल्या. अप्पा ओरडले, "हळू! पायाशी बॅटरी हाय!" दिव्यांचा बोर्ड घेतला असता तर मी आत्ता हैदराबादच्या बसची वाट बघत बसले असते. हे मी अप्पांना त्याच वेळी, मोठ्यानं सांगितलं. माझ्या तोंडून अशी कबुली क्वचितच निघते.

लाइट आल्यावर रात्रीतून मी गेमसकट बाकीचं सगळं त्याच्यात भरलं. शुक्रवारी शाळा सुटल्यावर अक्काचा फोन आला. कानाला हेडफोन लावून आम्ही शर्यत सुरू केली. पहिल्याच वळणावर माझी गाडी कठड्यावर आपटली.

"ब्रेक दाब की गं! तवाबी दाबत नव्हतीस, आत्ताबी न्हाई!"

अशी ओरडली की अप्पांना खाटेवर ऐकू गेलं. दोन तास ती मला शिव्या देत होती, हसत होती, मेसमधल्या भाजीला नावं ठेवत होती, एका पेशंटची नक्कल करत होती. मी एकही शर्यत जिंकले नाही. आयुष्यात हरायला इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या शर्यतीनंतर ती म्हणाली, "किती दिवस झाले गं आपल्याला असं खेळून?"

मी गणिताची बाई. सोळा वर्षं, हे माझ्या ओठावरच होतं. पण नर्सिंग ती हैदराबादेत शिकली, आणि माझ्या आधी तीच बोलली, "मला तर वाटायलंय, परसोंच खेळलो आपण."

"व्हय, अक्का," मी म्हणाले. "परसोंच."