डिसमिसचं बटण

"थांब, दाबू नको!"

मी माऊसला हात लावला की मामा वरडायचे अन् मी हात मागं घेयाची. दुकानात सगळेच त्यांना मामा म्हणायचे, शेठसुद्धा. जालन्याचं बियाण्याचं दुकान, मामा तिथले जुने कारकून. मी बदनापूरहून रेल्वेनं जायची, दहावी नापास, अंगावरचं लेकरू सासूजवळ टाकून, आमचे हे पाय मोडून घरी पडलेले. शेठ म्हणले होते, कम्प्युटरवरचं टपाल जमलं तर राह्य, न्हाईतर घरी बस.

तुम्हीबी असं माणूस पाह्यलं असंल, सोताला येत न्हाई पण शेजारी खुर्ची टाकून बसतं. मी ईमेल लिहिली की मामा म्हणायचे, "जाईल का गं बराबर? पाकिटाचं चित्र तर इथंच दिसू राह्यलं."

"मामा, बटण तर दाबू द्या!"

"दाब. पण हळू दाब."

ईमेलच्याच प्रोग्रामात एक डायरी होती. कोण कधी येणार ते लिहून ठेवलं की बराबर टायमाला पडद्यावर एक पेटी उघडून आठवण करून देयाची. पेटीत दोन बटणं. एक दाबलं की ती थोड्या वेळानं परत येयाची. दुसऱ्यावर इंग्रजीत लिव्हलेलं, डिसमिस.

मामानं ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं अन् खुर्ची मागं सरकवली. "पोरी, ह्याला बिलकुल हात लावू नको. मला कापसाच्या जिनिंगमधून डिसमिस केल्तं. एका शब्दात घरी."

मलाबी ते खरं वाटलं. मंग काय, आम्ही पहिलंच बटण दाबू राह्यलो. जुन्या पेट्या परत परत, एकीवर एक. मी पार वैतागले. "मामा, ईमेल दिसंना मला!"

"न दिसू दे. नोकरी दिसती ना?"

एक दिवस त्या ढिगाखाली त्याच दिवसाची पेटी दबली. परभणीची पार्टी स्टेशनवर उन्हात उभी, घ्यायला कोणी गेलंच न्हाई, पार्टी रागानं आल्या पावली परत. शेठ आले, एकेक पेटी बाजूला सारली. "हे मिटवलं काहून न्हाई?"

लेकराचं दूध, यांचं प्लास्टर, सगळं डोळ्यापुढं. अन् मामा तर डोकं खाजवू राह्यले. गेली नोकरी, म्हणलं.

मंग मामा उठले. "तिची चूक न्हाई शेठ. मीच मना केल्तं. डिसमिस लिव्हलंय त्याच्यावर."

"अहो मामा, त्यानं पेटी डिसमिस होती, माणूस न्हाई!"

"मंग तसं लिव्हावं ना त्यांनी."

कोणी हसलं न्हाई. शेठ म्हणले, "उद्यापासून तुम्ही गोदामात पोती मोजा. हिला एकटीला करू द्या."

दुसऱ्या दिवशी मामाच्या खुर्चीवर प्रिंटर ठेवलेला. संध्याकाळी गाडीला पळता पळता मी गोदामाच्या दारात थांबले. मामा पोत्याच्या थप्पीसमोर, बोट हवेत, ओठ हलू राह्यले.

"मामा, ठेवलं मला!"

मोजताना मधी बोललं की आकडा तुटतो. त्यांनी तोंड फिरवलं न्हाई, नुसता दुसरा हात हलवला. जा, जल्दी जा, गाडी जाईल.