गल्लीतून गेलेली रेघ

जुन्या फायलीत आईची संक्रांतीच्या हळदीकुंकवाची यादी सापडली. कागदावर तिचं हळदीचं बोट अजून तसंच आहे, आणि त्या बोटासरशी गौलीगुड्यातली आमची चिंचोळी गल्ली समोर आली. तेव्हा शहराचे वॉर्ड नव्याने आखत होते. नकाशावरची रेघ नेमकी आमच्या गल्लीतून गेलेली. आम्ही एका वॉर्डात, समोरची घरं दुसऱ्यात, आणि नळ मात्र दोघांत एकच. हरकत घ्यायला आठवडा होता. वडील मास्तर, त्यांनी तीन पानी इंग्रजी अर्ज खरडला आणि आम्ही तिघं महापालिकेच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी पानं उलटली. "दोनों बाजू एकीच मोहल्ला है, इसका सबूत क्या मास्टरसाब?" वडील अर्जाकडेच बोट दाखवत राहिले. तेव्हा आईने पिशवीतून ही यादी काढली. एक नाव या बाजूचं, पुढचं समोरचं, प्रत्येकापुढे घर नंबर. "हर साल ऐसाच बुलावा देते फिरती मैं," ती म्हणाली, "बीच में रेघ कबीच नै दिखी मेरे को." साहेब हसले आणि यादीची नक्कल त्यांनी अर्जाला जोडून घेतली. महिन्याभराने नवा नकाशा लागला. रेघ आमच्या गल्लीला वळसा घालून मागच्या नाल्याने गेली होती. आई घरभर मिरवत होती, वडील त्याहून जास्त. आता आमच्या अंबरपेठेतल्या वॉर्डाची हद्द बदलतेय, म्हणून मीही हरकत लिहायला बसलो होतो. यादी हातात आली आणि ध्यानात आलं, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंचं नावच मला ठाऊक नाही. अर्ज तसाच ठेवला आणि आधी त्यांची बेल वाजवली.