दिवटीवरचं तेल

रखमाजी गोंधळ्याचा उजवा हात लकव्यानं गेला, जीभ जड झाली, आणि तेही ऐन लगीनसराईच्या तोंडावर. भेटायला आलेला चुलतभाऊ बद्रीनाथ चहाचा कप खाली ठेवत म्हणाला, "वैनी, यंदा तुमची गावं मी करतो. देवीचं काम थांबू नये."

रखमाजीची बायको शिवकन्या काय ते समजली. गोंधळ्याची गावं ठरलेली असतात. तिथल्या घरांनी लग्नानंतर त्यालाच बोलवायचं, सुगीला त्याच्याच झोळीत दाणे घालायचे. जमीन त्यांना नव्हतीच. वडीगोद्री आणि भोवतालच्या वस्त्या, हेच त्यांचं शेत. एकदा दुसऱ्याचं औत शिरलं की संपलं.

"आमची गावं आमीच करू, भाऊजी."

"संबळ कोण वाजवंल? तुमी?"

"मंग काय! तुमी येऊन भाकरी थापा तवर."

तिनं पालथ्या घमेल्यावर हात बसवायला घेतला. रखमाजी खाटेवरून चुका काढायचा. "जल्दी... करू नको. देवी पायी येती." ताल लग्न होऊन आल्यापासून तिच्या कानात होता, हातात उतरेपर्यंत मनगटं सुजली. काड्या देव्हाऱ्यापुढं ठेवून ती एवढंच म्हणाली, "आई, तूबी बाईच हाईस."

पहिला गोंधळ वडीगोद्रीतल्या चांगुणाबाईच्या नातवाच्या लग्नाचा. दिवेलागणीला चौक मांडला. शिवकन्येनं कमरेला संबळ बांधला तशी मांडवात कुजबुज उठली. रखमाजीनं डाव्या हातात दिवटी धरली. घरच्या थोरल्या बाईनं त्या दिवटीवर तेल घातलं की गोंधळ पावला. चांगुणाबाई तेलाची बुधली मांडीवर घेऊन तशीच बसली.

"बाईनं संबळ? आमच्या दारी असलं कधी झालं न्हाई."

शिवकन्या वाजवत राहिली. रखमाजी एकेका देवाला हाक घालत होता. शब्द अडखळला की ती ताल धरून थांबायची. तुळजापूर झालं, माहूर झालं. पिंपळगावची रेणुका म्हणजे या घराची कुळस्वामिनी. नेमका तिच्यापाशी तो अडला तो अडलाच. दिवटी विझत आली.

मग शिवकन्येनंच हाक घातली. मोठ्यानं, पोटातून. हात थांबला नाही.

चांगुणाबाई गुडघ्यावर हात टेकत उठली. "बोलावलं ना तिला? मंग आता अंधारात उभी ठिवू का!" म्हणत तिनं बुधली दिवटीवर रिकामी केली. ज्योत भडकली.

खाली बसताना म्हातारी पुटपुटली, "डावा हात ढिला पडतो गं तुझा. धाकट्याच्या लग्नाला बराबर बसवून ये."

"येते, आजी," शिवकन्या म्हणाली, आणि डाव्या काडीवर जोर दिला.