गाठीचा रुमाल

साताऱ्याच्या कोडेमंडळाला गेली सहा वर्षं चहा मी पाजतो. त्यांच्या दिवाळी पुस्तिकेत माझं नाव येतं ते शेवटच्या पानावर, 'चहापानाबद्दल आभार' म्हणून. कोडी रचणाऱ्यांची नावं पुढच्या पानांवर असतात. सभेत नवा माणूस आला की माझी ओळख 'आमचे चहावाले शेठ' अशी करून देतात आणि सगळे हसतात. मीही हसतो, पण ते मनात राहतं. मला पुढच्या पानावर जायचं होतं, तेही कोणाच्या मेहेरबानीने नाही.

सांगलीत माझं हळदीचं अडत दुकान आहे. सुरुवात पोती उचलण्यापासून केली आणि सौदा शिकलो तो रुमालाखाली. त्या काळी भाव तोंडाने बोलत नसत. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून आकडा सांगत. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी तो दोघांनाच कळे. आता बोली उघड लागते, पण बोटं काही विसरलेली नाहीत.

माझं सुडोकू त्यातूनच निघालं. नेहमीचे नियम आहेतच: प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि लहान चौकोनात एक ते नऊ एकदाच. त्यावर माझा एक. सलग तीन घरांवर रुमाल काढलेला असतो. एका टोकाला विकणाऱ्याचा आकडा, दुसऱ्या टोकाला घेणाऱ्याचा आणि मधल्या घरात सौदा. म्हणजे मधला आकडा दोन्ही टोकांच्या दरम्यानच हवा. आयता आकडा एकही नाही. सगळी घरं कोरी, नुसते रुमाल. सहा महिने हळदीच्या नमुन्याच्या पुड्यांवर रचत होतो. माझा प्रत्येक कच्चा कागद पिवळा झालेला असायचा.

पुस्तिकेसाठी पाठवलं, तर आठवड्यात परत आलं. सोबत चिठ्ठी: 'कोड्याला दोन उत्तरं निघतात. एक आकडा आयता द्या, छापू.'

माझं डोकंच फिरलं. दुसऱ्याच सकाळी साताऱ्याला निघालो. बायको दारातून म्हणाली, "आवं, कोडं द्यायला चाललाय का भांडायला?"

"दोन्ही," मी म्हणालो.

पुस्तिकेचे संपादक म्हणजे एक निवृत्त हेडमास्तर. व्हरांड्यात बसले होते. मी उभ्यानेच सुरू केलं, "सर, दुसरं उत्तर दाखवा. आत्ता."

त्यांनी शांतपणे कागद पुढे ठेवला. "हे तुमचं उत्तर. आता यातला प्रत्येक आकडा दहातून वजा करा."

एकाचे नऊ झाले, दोनाचे आठ. पाच तसाच राहिला. मी एकेक रुमाल तपासत गेलो. जिथे दोन, चार, सात होते तिथे आठ, सहा, तीन आले. चार हा दोन आणि साताच्या मधे, तसा सहा हा आठ आणि तिनाच्या मधे. एकही रुमाल मोडला नाही. मी खाली बसलो.

"एकच आकडा द्या, शेठ," सर म्हणाले. "पाच सोडून कुठलाही."

"न्हाई. कोरं म्हंजे कोरं."

"हळदीतही एवढी घासाघीस करता?"

"हळदीत लय जास्त करतो."

रागाच्या भरात मी चहाच्या ट्रेवरचा नॅपकिन ओढला, सरांच्या हातावर टाकला आणि खाली त्यांची तीन बोटं दाबली. "हे बघा, सौदा असा होतो!"

"अहो, गुदगुल्या होतात!" ते हात सोडवायला लागले. मग थांबून म्हणाले, "पण आपल्या दोघांत विकणारा कोण?"

"मी! रुमाल टाकतो तो विकणारा. आणि विकणारा जास्तच सांगणार. हे काय सांगायला लागतं व्हय?"

"मला ठाऊक नव्हतं," सर म्हणाले. "तुमच्या कागदालाही नाही."

मी कागद पुन्हा पुढे ओढला. प्रत्येक रुमाल मी विकणाऱ्याच्या बाजूनेच काढायला घेत होतो. ती बाजू माझ्या डोळ्यांना दिसायची, म्हणून लिहायचं सुचलंच नाही. पेठेत जे कोणी बोलून दाखवत नाही, तेच मी नियमांतही बोललो नव्हतो.

सरांचं पेन घेतलं आणि प्रत्येक रुमालाच्या एका टोकाला छोटी गाठ काढली. गाठ तिथे विकणारा, त्याचा आकडा मोठा. आता सातावरची गाठ उलट्या उत्तरात तिनावर जायची, आणि तीन काही आठापेक्षा मोठे नाहीत. उलटं उत्तर मेलं. आयता आकडा एकही द्यावा लागला नाही. सर आधी हसले, मग मी इतका हसलो की चहा सांडला.

"आता छापणार?"

"स्वतः सोडवून बघतो. एकच उत्तर आलं तर दुसऱ्या पानावर."

"पहिल्या."

"पहिल्यावर संपादकीय असतं, शेठ."

"ते दुसऱ्यावर घ्या."

तिसऱ्या दिवशी फोन आला. "एकच उत्तर. घाम काढलात." त्या दिवशी दुकानात मी एकावरही ओरडलो नाही. हमालांना वाटलं, माझी तब्येत बिघडलीय.

पुस्तिका आली. दुसरं पान. वर कोरी घरं, रुमाल, गाठी, आणि खाली 'रचनाकार' म्हणून मी. चहाचे आभार याही वर्षी शेवटच्या पानावर आहेतच. त्यावर मी बोलणार आहे. बायको पेन घेऊन बसली, पहिल्या गाठीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "इथंबी तुमचंच मोठं का?"

"रुमाल कुणाचा हाय?" मी म्हणालो.