सीन सेफ आहे, नवरा नाही

मी आजवर त्रेचाळीस वेळा मरता मरता वाचलो आहे. त्यांतल्या बेचाळीस वेळा मी नाटक करत होतो.

याला कारण माझी बायको, अंजली. पुण्यात नऊ वर्षं तिने अँब्युलन्समध्ये काढली. अपघात, हार्ट अटॅक, रिक्षात अडकलेली बाळंतपणं, सगळं निभावलेली बाई. माझी नोकरी मस्कतला लागली तेव्हा तिने ते सगळं सोडलं आणि दोन वर्षं घरी बसली. बसली म्हणजे काय, टॉवेलच्या घड्या अशा घालायची, की प्रत्येक टॉवेलचा पाय मोडलाय असं वाटावं! शेवटी इथल्या एका क्लिनिकने तिला अँब्युलन्सवर घ्यायचं कबूल केलं. अट एकच, इथला परवाना हवा.

आता हा परवाना म्हणजे आपल्याकडे गाडीचं लायसन काढतो तसं नव्हे. (मी माझं कसं काढलं ते इथे सांगत नाही.) आधी डिग्री खरी आहे का, ते थेट तिकडच्या कॉलेजला विचारतात. मग अनुभवाचे दाखले. मग कॉम्प्युटरवर परीक्षा. अंजली या सगळ्यांतून लोण्यातून सुरी जावी तशी गेली आणि शेवटच्या प्रॅक्टिकलला नापास झाली!

"नापास? तू?" मी ओरडलो.

"हं."

"पेशंट गेला?"

"पुतळा होता."

"मग झालं काय?"

"बोलले नाही."

हिचा स्वभावच तसा. चौदा वर्षांच्या संसारात हिने एका दमात दहाच्या वर शब्द खर्च केल्याचं मला आठवत नाही. (घराच्या वाट्याचे उरलेले शब्द मी वापरतो.) पण तिथला नियम असा, की जे जे कराल ते मोठ्याने बोलत करा. जवळ जायच्या आधी 'सीन इज सेफ', म्हणजे इथे मला धोका नाही. मग 'ग्लव्हज ऑन'. मग पुढचं. हिने सगळं केलं, अगदी बिनचूक केलं, पण गपचूप. परीक्षक म्हणाले, "तुम्ही आजूबाजूला बघितलं नाहीत." ही म्हणाली, "बघितलं." ते म्हणाले, "पण बोलला नाहीत." खलास! दुसरी संधी तीन आठवड्यांनी, आणि क्लिनिक थांबणार फक्त महिनाअखेरपर्यंत.

संध्याकाळी ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. "मला परत गाडीवर जायचंय रे," एवढंच म्हणाली. हिने माझ्यासाठी काय सोडलं होतं, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं.

पण मी पडलो उत्साही माणूस! छाती ठोकून म्हणालो, "बोलायचंच आहे ना? मग घरात एवढा गुरू बसलाय तो काय फक्त चहा प्यायला?"

दुसऱ्या दिवसापासून गुरुकुल सुरू. हुकूम असा, की घरात काहीही करताना अंजलीने मोठ्याने बोलायचं. "गॅस ऑन! तेल तापलं! मोहरी टाकली! मोहरी... रिस्पॉन्स देतेय!" आमची दहा वर्षांची इरा हातात नियमांचा कागद घेऊन खुणा करणार. आणि पेशंट मी! सकाळी ऑफिसला निघण्याआधी हार्ट अटॅक, संध्याकाळी घरी आल्यावर अपघात. रोज दोन मरणं, रविवार-सोमवार बघायचं नाही.

खोटं कशाला बोलू, मला त्याची चटक लागली. मी एकदाही मुकाट्याने मेलो नाही. "अंजली... इराला सांभाळ... फ्रिजमधलं श्रीखंड वाया घालवू नकोस..."

"बेशुद्ध माणूस बोलत नाही," अंजली नाडी बघत म्हणायची.

"अगं, पण भूमिकेत जीव नको का ओतायला?"

"बाबा, तू खूप खोटा मरतोय," इरा कागदावरून मान वर करून म्हणायची. "डेड पीपल डोन्ट टॉक सो मच."

दोन आठवडे गेले. अंजलीचा आवाज बऱ्यापैकी सुटला, पण घरातच. मग मी ठरवलं, आता बाहेर, लोकांत, न सांगता परीक्षा घ्यायची! त्यासाठी मी जागा निवडली अब्दुलभाईंचं दुकान. अब्दुलभाई आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. मूळचे रत्नागिरीचे, इथल्या मत्रहच्या बाजारात वडिलांच्या वेळेपासूनचं अत्तराचं दुकान. शनिवारी आम्ही तिथे गेलो आणि अंजली धूप बघत असताना मी "आई गं!" म्हणून धाडकन आडवा झालो.

अंजली वळायच्या आत अब्दुलभाईंनी आख्खी बाटलीभर गुलाबपाणी माझ्या तोंडावर ओतलं. शेजारचा एक जण कांदा घेऊन आला आणि माझ्या नाकाला लावला. दुसऱ्याने चप्पल! तिसरा तळपाय चोळायला लागला, आणि मला तर गुदगुल्या होतात. मी खी खी करून हसत उठलो.

अब्दुलभाई पांढरेफटक पडले होते. मग लाल झाले.

"नाटक करतोस? माझा जीव गेला असता ना मुडद्या!" ते ओरडले. "आता पुढच्या वक्ताला खराच मेलास, तरी मी जागचा हलणार नाय. सांगून ठेवतोय!"

अंजली त्या गर्दीत एक शब्द बोलली नव्हती. घरी येताना मोटारीत फक्त म्हणाली, "लोक असले की जीभ उचलतच नाही." परीक्षा आठ दिवसांवर, पुढच्या रविवारी होती.

परीक्षेच्या आधीचा शुक्रवार. कुरुमच्या बागेत आमच्या मराठी मंडळाची सहल. झाडाखाली सतरंज्या, डब्यांची झाकणं उघडलेली, आणि अब्दुलभाईंनी (राग गिळून) आणलेला खजुराचा मोठा डबा. (त्या खजुराच्या जातीचं नावच खलास. हे मी रचून सांगत नाहीये.) मी मंडळाच्या अध्यक्षांना मत्रहचा किस्सा रंगवून सांगत होतो. "आणि तो कांदा घेऊन आला, म्हणजे बघा हं..." असं म्हणत मी एक खजूर तोंडात टाकला. जेवताना बोलू नये, हे माझ्या आजोबांनी मला लहानपणी रोज सांगितलं होतं. खजूर बीसकट घशात जाऊन बसला.

श्वास बंद! मी उभा राहिलो, गळा दोन्ही हातांनी धरला, डोळे बाहेर.

मंडळाने टाळ्या वाजवल्या!

"वा! आज नवीन प्रवेश दिसतोय!" अध्यक्ष म्हणाले.

मी अब्दुलभाईंकडे हात पसरले. त्यांनी तोंड फिरवलं. "बस्स झाला तुझा नाटक. मी हलणार नाय!"

मी इराकडे बघितलं. तिने पिशवीतून कागद काढला! "बाबा, दिस इज बेटर," ती कौतुकाने म्हणाली. "तू आज चांगला मरतोय."

अंजली लांब, पाण्याच्या बाटल्या मांडत होती. तिने नेहमीसारखी कंटाळून एक नजर टाकली. परत बाटल्यांकडे वळली. आणि थांबली. बाटली तिथेच टाकून ती धावत सुटली. नंतर मी विचारलं, "तुला कसं कळलं गं?" म्हणाली, "पाच सेकंद झाले, आणि तू गप्प होतास."

ती आली, आणि काय सांगू! त्या बाईच्या तोंडून असा आवाज निघाला, की पलीकडच्या सतरंजीवरची ओमानी मंडळीसुद्धा उभी राहिली.

"सीन इज सेफ!"

(अगं, सीन सेफ आहे! मी नाहीये!)

"आर यू चोकिंग? बोलता येतंय?"

मी मान हलवली. बोलता येत नव्हतं! आयुष्यात पहिल्यांदा!

"ही इज चोकिंग! तुम्ही, हो तुम्हीच अध्यक्ष, अँब्युलन्सला फोन करा! बाकीचे मागे व्हा! अब्दुलभाई, कांदा खाली ठेवा!" (होय. ते हलले होते. कांद्यासकट.) "फाइव्ह बॅक ब्लोज! वन! टू!"

"आई, ग्लव्हज!" इरा रडत रडत ओरडली.

"नो ग्लव्हज अव्हेलेबल!" अंजली गरजली. पाठीत पाच दणके बसले. मग तिने मागून विळखा घातला, मूठ बेंबीच्या वर टेकवली आणि "वन! टू! थ्री!" तिसऱ्या हिसक्याला तो खजूर बंदुकीच्या गोळीसारखा सुटला आणि अध्यक्षांच्या कोशिंबिरीत जाऊन पडला.

"एअरवे क्लिअर!" अंजली म्हणाली, आणि मटकन खाली बसून हमसून रडायला लागली. मीही रडलो. अब्दुलभाई तर आम्हा दोघांच्या वर. "शैताना, तू खराच मरत होतास की रे!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीत सहावा दणका घातला. मग अँब्युलन्सवाल्यांनी मला तपासलं, पोटाला हिसके बसलेत म्हणून डॉक्टरांनाही दाखवलं. सगळं ठीक होतं. कोशिंबीर मात्र कुणी खाल्ली नाही.

रविवारी मी आणि इरा परीक्षेच्या इमारतीबाहेर मोटारीत बसलो होतो. काचा बंद, एसी चालू, तरी मी देवाची शपथ घेऊन सांगतो, मला आतून "सीन इज सेफ!" ऐकू आलं. अर्ध्या तासाने अंजली बाहेर आली. तोंडावर काही दिसेना.

"काय झालं?"

"परीक्षक म्हणाले, मॅडम, हळू. शेजारच्या खोलीतला उमेदवार तुमचं ऐकून उत्तरं देतोय."

"अगं, पण पास का?"

"पास!" ती म्हणाली, आणि मग न थांबता, एकही श्वास न घेता, घरापर्यंत बोलत राहिली. मी मोजायचं सोडून दिलं. महिना संपायच्या आत परवान्याचं कार्ड हातात आलं. पहिल्या दिवशी ती गणवेश घालून गाडीत चढली, तेव्हा अब्दुलभाईंनी क्लिनिकच्या दारात सगळ्यांना हलवा वाटला आणि मी ऑफिसला अर्धी रजा टाकून नुसता बघत उभा राहिलो. एवढा अभिमान मला स्वतःच्या कुठल्याच गोष्टीचा वाटला नव्हता.

त्याच सुमारास आमच्या ऑफिसने प्रथमोपचाराचा एक दिवसाचा वर्ग ठेवला. म्हटलं, एवढ्या मोठ्या गुरूला कसली भीती! मी नापास झालो. शिकवणारी बाई म्हणाली, "तुमचं बोलणं उत्तम आहे सर. पण तुम्ही हात लावायच्या आधीच पुतळा दगावला."

आता रोज ड्यूटी संपवून आली की अंजली हॉलमध्ये पेशंट होऊन आडवी पडते, आणि मी सराव करतो. काल सीन कसा सेफ आहे, हे मी तिला सविस्तर समजावून सांगितलं, ग्लव्हजचं महत्त्व सांगितलं, आणि मग वाकून श्वास तपासला. श्वास व्यवस्थित चालू होता. पेशंट घोरत होता.